जुन्या स्लाइड्स डिजिटल करायच्यात? फ्लॅटबेड, कॅमेरा आणि सर्व्हिस तिन्ही वापरून झाल्यावरचं माझं मत

स्लाइड्स म्हणजे चौकटीत बसवलेले, प्रोजेक्टरवर बघायचे फिल्मवरचे फोटो. घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. घरात बरा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) असेल तर कॅमेऱ्यानेच करा. तसं काही नसेल आणि स्लाइड्स मोजक्याच असतील तर स्कॅन करून देणाऱ्या सर्व्हिसला द्या, पण देण्याआधी खाली लिहिलेले प्रश्न विचारून मगच द्या. आणि फक्त स्लाइड्ससाठी म्हणून फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर विकत घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. बाकीचं सगळं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

तर झालं असं की मामांचे स्लाइड्सचे डबे माझ्याकडे आले. मामा हौशी माणूस, जिथे जातील तिथे कॅमेरा गळ्यात, आणि त्या काळात हौशी माणूस म्हणजे प्रिंट नाही तर स्लाइडच. डब्यांमध्ये सगळ्या फिल्म्सची सरमिसळ होती, कोडाक्रोम, एक्टाक्रोम, आग्फा, थोड्या ओर्वोच्या, काही पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये (चौकटीत), काही प्लास्टिकच्या, आणि जे फोटो मामांना फार आवडायचे ते त्यांनी काचेच्या माउंटमध्ये घातलेले. प्रोजेक्टर केव्हाच बंद पडलाय. आणि खरं सांगायचं तर तो चालू असता तरी मी लावला नसता, कारण प्रोजेक्टरच्या दिव्याने स्लाइडचे रंग उडतात, आणि गंमत म्हणजे अंधारात वर्षानुवर्षं जसाच्या तसा टिकणारा कोडाक्रोमच त्या दिव्यापुढे सगळ्यात लवकर फिका पडतो.

स्कॅनिंगच्या आधीचं एक काम कोणी सांगत नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते म्हणजे निवडणं. सगळ्याच्या सगळ्या स्लाइड्स स्कॅन करायच्या नसतात हो! लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन फुल ब्राइटनेसला लावा, किंवा लाइटबॉक्स असेल तर उत्तमच, वर स्लाइड्स मांडा आणि भिंगातून बघत बसा. हललेले, डोकी कापलेले, एकाच जागेचे पाच पाच, ते बाजूला. सूर्यास्त तर सरसकट बाजूला (मामांना सूर्यास्ताचं वेड होतं, आणि सूर्यास्त काय, कुणाचाही असला तरी तोच). माणसं ठेवा, घरं ठेवा, आणि ज्या फोटोत मागे काहीतरी चाललंय ते आवर्जून ठेवा, कारण ओळीत उभं राहून काढलेल्या फोटोपेक्षा त्यामागचं टेबल, रेडिओ, दुकानाची पाटी, रस्त्यावरची गाडी बघायला आता जास्त मजा येते. माझ्याकडे निवडीनंतर निम्म्याहून कमी उरल्या आणि एवढ्या एका कामाने पुढचा सगळा वैताग अर्धा झाला.

निवडताना माउंटही नीट बघा. कोडॅकच्या लॅबमध्ये धुतलेल्या पुठ्ठ्याच्या माउंटवर बरेचदा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तो फोटो काढल्याचा महिना नसतो, लॅबमध्ये डेव्हलप झाल्याचा असतो, पण अंदाज येतो. आणि मामांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात कडेला लिहून ठेवलंय, काही ठिकाणी नाव, काही ठिकाणी नुसतं "परत येताना". कोण परत येताना, कुठून, काही पत्ता नाही. तर हे माउंट मोबाइलने ओळीने फोटो काढून ठेवा, वीस वीस एकत्र मांडून एक फोटो, झालं. स्कॅनमध्ये फक्त आतली फिल्म येते, पुठ्ठ्यावरचं अक्षर कुठलाच स्कॅनर आणत नाही.

आता फ्लॅटबेड. घरात एप्सनचा व्ही ६०० आधीपासून होता, त्याच्या होल्डरमध्ये एका वेळी ४ स्लाइड्स बसतात (मोठ्या व्ही ८५० मध्ये १२). म्हणून सुरुवात त्यानेच केली. चांगली गोष्ट ही की धुळीसाठी इन्फ्रारेडवालं डिजिटल आइस मिळतं. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे मात्र त्याला अडवतात, त्यामुळे स्कॅनरला बरोबर कळतं की धूळ कुठे आहे आणि तेवढीच जागा तो भरून काढतो. एक्टाक्रोमवर हे इतकं छान चालतं की बघत राहावं. कोडाक्रोमवर मात्र गोंधळ होतो, त्याची फिल्म इन्फ्रारेडलाही बऱ्यापैकी अडवते, मग सॉफ्टवेअर गडद भागालाच धूळ समजून बसतं आणि कडा खायला लागतं. काळ्या केसांची कड, चष्म्याची काडी, असल्या जागी झूम करून बघा, लगेच दिसेल. आणि कृष्णधवल चांदीच्या फिल्मवर तर ते चालतच नाही, तिथे बंदच ठेवायचं.

फ्लॅटबेडची खरी अडचण वेगळी आहे. खोक्यावर लिहिलेल्या डीपीआयवर (एका इंचात किती ठिपके) जाऊ नका. या वर्गातल्या स्कॅनरवर चार आकडी मोठे मोठे आकडे छापलेले असतात, पण लेन्स तेवढी बारकाई फिल्ममधून ओढून आणू शकत नाही, प्रत्यक्षात हाती येतं ते त्याच्या अर्ध्याहूनही कमी. तुम्ही ६४०० ला स्कॅन केलंत तर फाइल राक्षसी होते, वेळ दुप्पट चौपट लागतो आणि फोटो मात्र तेवढाच मऊ. शिवाय फोकस ठरलेला, होल्डर काचेपासून थोडा वर खाली झाला की गेलंच. पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये फिल्म मधोमध फुगलेली असते, मग मधलं स्पष्ट आणि कोपरे धूसर किंवा उलटं. वर डिजिटल आइस चालू ठेवलं की एकेका स्लाइडला काही मिनिटं. चार स्लाइड्स लावा, भांडी घासून या, तरी चालूच. नाकापेक्षा मोती जड असा प्रकार. मोबाइलवर बघायला, घरच्या ग्रुपवर टाकायला फ्लॅटबेडचा स्कॅन ठीक आहे, पण मोठी प्रिंट काढायला मला नाही आवडला.

इथे थोडा हिशोब सांगते कारण डीपीआयवरून लोकांची फार गफलत होते. ३५ मिमी स्लाइडची फ्रेम असते ३६ बाय २४ मिमी. २४०० डीपीआयने स्कॅन केली की साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल होतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल, म्हणजे फोरके टीव्हीच्या जेमतेम जवळपास. ४००० डीपीआयला साधारण ५६७० बाय ३७८०, २१ मेगापिक्सेल. हौशी माणसाने हातात धरून काढलेल्या फोटोत याच्या वर शोधण्यासारखं काही नसतं, मग नुसते फिल्मचे दाणे मोठे दिसतात. त्यामुळे खरे ४००० च्या आसपास मिळाले की विषय संपला, कोणी त्याहून जास्त विकत असेल तर विकू दे. फाइलचा आकारही डोक्यात असू द्या, ४००० डीपीआयची १६ बिट टिफ फाइल (दर्जा न घालवता साठवणारी) सव्वाशे एमबीच्या वर जाते, हजार स्लाइड्स म्हणजे सव्वाशे जीबी.

स्लाइडसाठीच बनवलेले स्कॅनर हा मधला मार्ग. निकॉनचे कूलस्कॅन अजून लोक शोधत फिरतात, कूलस्कॅन ५००० खरोखरचे ४००० डीपीआय देतो आणि त्याला एसएफ-२१० फीडर लावला की स्लाइड्सची चळत आपोआप आत जाते. पण तो बनणं कधीच बंद झालंय, जुना घ्यायचा तर आतली धूळ आणि पार्ट्स हे सगळं आपल्या नशिबावर, आणि निकॉनचं मूळ सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालवायचं म्हणजे डोक्याला ताप. व्ह्यूस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे त्याने असे जुने स्कॅनर चालतात, एवढा आधार. एका मित्राकडे बसून थोड्या स्लाइड्स काढल्या, रंग आणि गडद भागातली बारकाई खरंच भारी. नवीन घ्यायचा तर प्लसटेकचे ऑप्टिकफिल्म आहेत, त्यातल्या ८२००आय मध्ये इन्फ्रारेड आहे (८१०० मध्ये नाही, घेताना बघा), पण त्यात स्लाइड्स हाताने एकेक सरकवायच्या. थोड्या स्लाइड्स आणि भरपूर संयम असेल तर उत्तम. आणि कुठलाही ऑटो फीडर असो, वाकलेले पुठ्ठ्याचे माउंट त्यात अडकतातच, ते आधीच बाजूला काढा.

ते छोटे डबीसारखे, वर स्क्रीन असलेले, "दोन सेकंदात डिजिटल" वाले? आत एक छोटा कॅमेराच असतो. बहुतेकांमधून फक्त जेपेग मिळतं, सावल्या काळ्याकुट्ट, आभाळ पांढरंफटक. डब्यात काय काय आहे याची यादी करायला वापरा, बाकी नाद सोडा.

आता मुद्द्याचं, कॅमेरा. मी निकॉनचा ईएस-२ वापरला. ही एक नळी आहे, मॅक्रो लेन्सच्या पुढे स्क्रू करून बसते, तिच्या दुसऱ्या टोकाला होल्डरमध्ये दोन स्लाइड्स राहतात, आणि पलीकडून उजेड. एवढंच. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्लाइड आणि लेन्स एकमेकांना घट्ट बांधलेली राहतात, त्यामुळे कॅमेरा हलला तरी दोन्ही एकत्रच हलतात, स्टँड नको, लेव्हल बघत बसायला नको, सेन्सर आणि फिल्म समांतर आहेत का म्हणून आरसे लावून खटपट नको. स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून लावायची पद्धतही चांगली आहे, निगेटिव्हचे रोल असतील तर तीच बरी, पण माउंट केलेल्या स्लाइड्ससाठी नळीच. २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि फ्रेम पूर्ण भरलेली असेल तर हिशोबाने ४२०० डीपीआय पडतात, म्हणजे वर सांगितलेलं काम फत्ते. क्रॉप सेन्सरवालाही चालतो, पण अडॅप्टर आणि लेन्सची जोडी जुळते का ते आधी बघा, सेन्सर लहान म्हणजे थोडं लांबून घ्यावं लागतं, सगळ्या नळ्या तेवढ्या लांब होत नाहीत.

सेटिंग सांगते, कारण इथे अर्धं काम होतं. आयएसओ १००, अपर्चर ८ (याच्या पुढे ११, १६ वर जाऊ नका, एवढ्या जवळून फोटो काढताना अपर्चर दिसतं त्यापेक्षा बारीक झाल्यासारखं वागतं आणि सगळंच मऊ पडायला लागतं), रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर. फोकस लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून थेट फिल्मच्या दाण्यांवर करायचा, चेहऱ्यावर नाही. चेहरा मुळातच हललेला असू शकतो, दाणे मात्र खोटं बोलत नाहीत. स्क्रीनवर एकदम वाळूसारखे टोकदार दाणे उमटले की समजा लागला फोकस. पुठ्ठ्याचं माउंट असेल तर फोकस मध्यभाग आणि कोपरा यांच्या मधोमध कुठेतरी धरा, म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं सांभाळलं जातं. दर स्लाइडला फोकस तपासायला कंटाळा करू नका, प्लास्टिक, पुठ्ठा आणि काच या तिन्ही माउंटची जाडी वेगळी असते.

उजेडाचं काय? ज्याच्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा जास्त लिहिलंय असा एलईडी पॅनल घ्या. खिडकीचा उजेड दिसायला सुंदर, पण ढग आला की रंग बदलला, मग प्रत्येक फोटोचा व्हाइट बॅलन्स वेगळा करत बसा. मोबाइलची स्क्रीन लावून करणारे बरेच आहेत, त्यात स्क्रीनचे पिक्सेल जाळीसारखे फोटोत उतरतात, मधे दुधी अॅक्रिलिक आणि बऱ्यापैकी अंतर ठेवलंत तर चालून जातं, पण एवढा खर्च केल्यावर दिव्यावर कसली कंजूषी. व्हाइट बॅलन्स एकदाच, स्लाइड न लावता नुसत्या दिव्याचा फोटो काढून ठरवायचा आणि सगळ्या फोटोंना तोच. खोलीतले बाकीचे दिवे बंद.

कॅमेऱ्याचा तोटा एकच पण मोठा, इन्फ्रारेड नाही म्हणजे धूळ तुमची तुम्हीच काढायची. स्लाइडमध्ये धूळ उजेड अडवते म्हणून ती काळे ठिपके होऊन दिसते, आणि बसते नेमकी आभाळात. त्यामुळे फोटो काढायच्या आधी रबरी ब्लोअरने दोन्ही बाजूंनी फुंकर, मग मऊ अँटीस्टॅटिक ब्रश, हातात सुती मोजे. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीक थेंब पडला की वरातीमागून घोडं, पुसायला जाल तर ओरखडा. बोटांचे डाग असतील तर फिल्मसाठी मिळणारं क्लीनरच वापरा, आणि बुरशी दिसली तर पाण्याच्या जवळसुद्धा नेऊ नका. बुरशी जिलेटिन खाऊन सैल करते आणि पाणी लागलं की चित्रच वितळून निघतं. काचेच्या माउंटची तर कहाणीच वेगळी. दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग, फिल्मचे दोन, म्हणजे धुळीला बसायला सहा जागा, शिवाय फिल्म काचेला टेकली की तेलाच्या तवंगासारखी रंगीत कडी उमटतात, न्यूटन रिंग्ज म्हणतात त्याला, आणि ती सॉफ्टवेअरने काढणं जवळपास अशक्य. मी काचेतल्या सगळ्या काळजीपूर्वक उघडून फिल्म साध्या प्लास्टिकच्या माउंटमध्ये घातली. हळू काम आहे, पण त्यातूनच सगळ्यात सुंदर स्कॅन आले.

बाजूचाही घोळ होतो. फिल्मची चकचकीत बाजू लेन्सकडे ठेवली की चित्र सुलटं येतं. इमल्शनची, म्हणजे चित्राचा थर असलेली बाजू जरा मंद असते, कोडाक्रोम तिरका धरून उजेडात बघितला तर त्या बाजूला चित्र चक्क उठावदार दिसतं, चेहऱ्याची कड, शर्टाची कॉलर कोरल्यासारखी. कोडॅकच्या माउंटवर "ही बाजू पडद्याकडे" असं छापलेलं असतं, ती इमल्शनची. पण कोणी हाताने परत माउंट केली असेल तर छापलेल्यावर विश्वास नको, पाटीवरची अक्षरं, शर्टाची बटणं, मनगटावरचं घड्याळ बघा.

रंगांबद्दल. कोडाक्रोमचा कॅमेऱ्याने किंवा स्कॅनरने घेतलेला फोटो बरेचदा निळसर येतो, सिल्व्हरफास्ट या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यासाठी वेगळा पर्याय आहे, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलला मी एक प्रीसेट बनवला आणि सगळ्यांना लावला, झालं. डोकेदुखी आहे ती जुन्या एक्टाक्रोमची. ई-६ प्रोसेस (एक्टाक्रोम धुण्याची नंतरची पद्धत) सत्तरच्या दशकात आली, त्याच्या आधीच्या ज्या एक्टाक्रोम आहेत त्या डब्यात अंधारात राहूनसुद्धा लाल-गुलाबी होतात, सायन (हिरवट निळा) रंग आधी उडतो म्हणून. मामांची एक स्लाइड उघडली तर पूर्ण फ्रेम डाळिंबी. इथे ऑटो कलर दाबून काही होत नाही. लेव्हल्स उघडा, लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनल वेगळे घ्या आणि प्रत्येकाचा काळा आणि पांढरा टोक त्याच्या आलेखाच्या कडेपर्यंत ओढा. हे केलं तेव्हा त्या डाळिंबी फ्रेममधून आधी हिरवी खिडकी आली, मग मामींच्या साडीचा पिवळा रंग. सावल्यांमध्ये थोडा लाल राहतोच, तो राहू द्या, फार ओढलं तर त्वचा राखाडी दिसते. हे जमतं ते रॉ किंवा १६ बिट फाइलवर, ८ बिट जेपेगवर एवढी ओढाताण केली की आभाळात पट्टे पडतात.

आता सर्व्हिस. थोड्या स्लाइड्स मी मुद्दामच बाहेर पाठवल्या, काही बुरशीच्या, काही अगदी गुलाबी, आणि तुलना करता यावी म्हणून थोड्या चांगल्याही. नाव सांगत नाही. आधी चांगलं सांगते, बुरशीच्या स्लाइड्स त्यांनी अफाट साफ केल्या, मला घरी ते जमलंच नसतं. गुलाबीपैकी दोनचार माझ्यापेक्षा चांगल्या आल्या, मान्य. पण बाकी? फाइलींची नावं सरळ एकापासून क्रमाने, म्हणजे त्यांनी ज्या क्रमाने मशीनमध्ये टाकल्या तो क्रम, माझ्या माउंटवरच्या नंबरांशी काडीचा संबंध नाही. मी प्रत्येक स्लाइडवर नंबर लिहून पाठवलेला हो! जुळवायला बसले तर डोंगराचे फोटो सगळे सारखे. काही स्लाइड्स उलट्या स्कॅन झालेल्या, ते कळलं दुकानाच्या पाटीमुळे, निसर्गाच्या फोटोंमध्ये किती उलट्या असतील देव जाणे. आणि सगळ्यांना शार्पनिंग इतकं मारलेलं की प्रत्येक डोक्याभोवती पांढरी रेघ. विचारलं तर म्हणे लोकांना असंच आवडतं. असेल बाबा, पण मला साधा पर्याय तरी द्यायचा.

म्हणून पाठवायच्या आधी हे विचारा, आणि फोनवर नाही, लेखी. स्कॅन कुठे होतो, तुमच्याच इथे की पुढे दुसऱ्या कुणाकडे जातो? टिफ मिळेल का, की फक्त जेपेग? जेपेगच असेल तर कॉम्प्रेशन किती? शार्पनिंग आणि ऑटो कलर बंद करून मिळेल का? कोडाक्रोमवर इन्फ्रारेड लावता का? (याला "हो, सगळ्यांना लावतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. काही थोडे स्कॅनर कोडाक्रोमवर नीट करतात, पण मग ते स्कॅनरचं नाव सांगतील.) फाइलचं नाव माझ्या नंबरवरून देणार का? डाउनलोड लिंक किती दिवस चालू राहील? आणि पार्सल हरवलं तर? या शेवटच्या प्रश्नाला भरपाईची रक्कम हे उत्तर नसतं, कारण ती स्लाइड एकच आहे, तिची निगेटिव्ह कुठेही नाही. म्हणून सगळ्या एकदम पाठवू नका, आधी पाचसहा अवघड स्लाइड्स पाठवून नमुना बघा. एक एकदम काळोखी, एक गुलाबी, एक आभाळवाली, एक कोडाक्रोम. चांगला माणूस नमुन्याला नाही म्हणत नाही.

पैशाबद्दल एवढंच की सर्व्हिसला दर स्लाइडमागे पैसे, कॅमेऱ्याला एकदाच. कॅमेरा आणि लेन्स आधीच असेल तर नळी आणि दिव्याचा खर्च थोड्याच स्लाइड्समध्ये वसूल होतो. लेन्सपासून सगळं घ्यायचं असेल तर मात्र हिशोब करून बघा, कदाचित सर्व्हिसच परवडेल. वेळ कोणी मोजत नाही. फोटो काढणं पटापट होतं, कॅरूसेल प्रोजेक्टरचा ८० स्लाइड्सचा एक ट्रे एका बैठकीत आरामात निघतो. वेळ खातं ते त्याच्या आधीचं झाडणं आणि नंतरचे आभाळातले ठिपके.

फाइली झाल्यावर एक गोष्ट लगेच करा, पुढे ढकलू नका. कॅमेरा फाइलीवर आजची तारीख घालतो, त्यामुळे फोनच्या गॅलरीत आजोबांचं लग्न आणि काल काढलेला मांजराचा फोटो शेजारी शेजारी. एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याने अख्ख्या फोल्डरच्या तारखा एका कमांडमध्ये बदलता येतात. माउंटवरचा छापील महिना असेल तर तो घाला, नुसतं वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी घालायचं हा माझा नियम, म्हणजे १ जानेवारी दिसलं की मला कळतं की नक्की माहीत नाही. फाइलचं नाव डबा, मग स्लाइड, "डबा०३_०१७" असं, फार हुशारी नको. मामांची पेन्सिलीतली ओळ कॅप्शनमध्ये जशीच्या तशी. कॉपी तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आणि स्लाइड्स फेकू नका रे, स्कॅन झाला म्हणून. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवा. पीव्हीसीच्या जुन्या पाकिटांमध्ये असतील तर तेवढं काढून टाका, ते पुढे चिकट होतं आणि फिल्मला लागतं.

गुण द्यायचेच तर कॅमेरा आणि ईएस-२ ला पाचपैकी साडेचार, अर्धा धुळीचा कापला. फ्लॅटबेडला स्लाइड्ससाठी अडीच, पण अल्बममधल्या प्रिंट्ससाठी तोच चार, म्हणून तो घरातच राहणार. सर्व्हिसला तीन, त्यातले दोन बुरशीवाल्या कामाचे. नळी सध्या मामेभावाकडे गेलीय, त्याला निगेटिव्ह करायच्यात. निगेटिव्हमध्ये ती नारिंगी छटा काढून रंग उलटे करायचे म्हणजे दुसरंच प्रकरण आहे, त्याचं त्याला विचारा, मी त्यात पडणार नाही.